माणशी साडेतीन

माणशी साडेतीन चौरस मीटर.
परिपत्रकात एवढंच आहे.
टेपचं एक टोक ढमढेरेकडे, एक माझ्याकडे,
आणि महापालिकेच्या शाळेच्या मैदानावर
अजून न आलेल्या माणसांना
आम्ही ओळीनं झोपवत जातो.

तीनशे चार.
कडुनिंबाच्या बुंध्याचे दोन वजा.
पाण्याच्या टाकीच्या सावलीतले वीस वजा,
टाकीच कोसळली तर.
स्टेजमागे अतिक्रमणवाल्यांनी आणून टाकलेल्या
जप्तीच्या हातगाड्या. तिथले पंधरा.
वीस जणांमागे एक संडास हवा;
शाळेत सहा, त्यातले दोन कुलपात.
ढमढेरे म्हणतो, मॅडम, माझीही एक जागा धरा,
कडेची. मी घोरतो.
मी हसते, आणि खरंच एक फुली मारते.

हे सगळे यायचे वरून, जनता वसाहतीतून.
तिथले जिने असे, की एका वेळी
एक माणूस नाहीतर एक हंडा.
नकाशात तिथून इथवर हिरवा बाण आहे, सरळ.
मी सकाळी चालत उतरले तेव्हा
तो बावीस वेळा वळला,
एके ठिकाणी तर कुणाच्या मोरीतून गेला.
जा की, म्हणाली भांडी घासणारी,
सगळे इथनंच जातात.

काल सहकारनगरात गेलो होतो.
सोसायटीची बाग ऐसपैस.
अध्यक्ष गद्रे यांनी चहा दिला, खारी दिली,
मग विचारलं, बाहेरचे साधारण किती दिवस?
सांगता येत नाही, म्हटलं.
म्हणजे हिरवळीचं… म्हणाले,
आणि वाक्य बशीत ठेवून दिलं.
कार्यालयाचे मालक त्या मानानं मोकळे:
फक्त मे महिन्यात नको, ताई,
तारखा गेल्यात.

शाळा झाडणारी कोंडाबाई सगर
मघापासून बघतेय.
काय मापताय?
सांगितलं.
तिनं खराटा भिंतीला लावला, मग परत उचलला,
दूर नेऊन आडवा ठेवला.
औशाकडची ती. त्र्याण्णव साली
लग्नाला वरीस झालं नव्हतं.
गणपती बुडवून आल्ते समदे, म्हणाली, दमून गाढ.
मी पहाटंची परसाकडं गेल्ते,
म्हनून हाय.

ढमढेरे टेप गुंडाळत राहिला,
गुंडाळून झाली तरी.

आन् ह्या खोल्या कशाला लिवल्या?
आठ वर्ग, प्रत्येकी बारा जण, मी वाचून दाखवलं.
कोन जातंय आत!
मानसं पत्र्याच्या शेडातसुदिक शिरंनात.
दोन म्हयने आभाळाखाली निजलो.
छत बघितलं की पोटात कळ यायची.

मी शहाण्णव खोडले.

आन् गेटची चावी?
शिपाई मुलाणींकडे.
त्ये ऱ्हातेत कुटं?
उरुळीला.
ती काही बोलली नाही.
माझ्या तक्त्यात क्षेत्रफळ आहे, नळ आहेत,
विजेचे खांब आहेत, जवळचा दवाखाना आहे.
चावीला रकाना नाही.
समासात लिहिलं, आडवं, पेन्सिलीनं.

मग ती उठली,
फक्कीनं आखलेल्या पहिल्याच चौकटीत गेली,
चपला बाहेर काढल्या
आणि भर दुपारी आडवी झाली,
डोळ्यांवर पदर.
मोज बघू, म्हणाली, मावते का.
मावली. पायाशी थोडी जागा उरली.
हितं एक ल्येकरू बसंल, तिनं पदराआडून सांगितलं.
उशाशी चपला. त्या जवळच लागत्यात,
काचंतनं पळावं लागतं.

मी लिहून घेत होते.
मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं धावत सुटली,
चौकटीवरून, तिच्या बाजूनं,
कुणी तिच्यावर पाय दिला नाही.

आन् हंडा?
ती उठून बसली. पाठीला पांढरी फक्की.
हंडा कुटं ठिवू, बाई?

मी परिपत्रक उलटं करून पाहिलं.
ढमढेरेनं न विचारता
टेप पुन्हा सोडली.